काळा-पांढरा झेंडा आणि हरण्याचा हिशेब

२० ऑक्टोबर २०२४ची संध्याकाळ. कोलकात्याच्या किशोर भारती क्रीडांगणावर इंडियन सुपर लीगमधला मोहम्मडन स्पोर्टिंग विरुद्ध केरळ ब्लास्टर्स हा सामना रंगात आला होता. पहिला गोल मोहम्मडनचा होता. उत्तरार्धात केरळने बरोबरी साधली आणि मग दुसरा गोल करून आघाडी घेतली. त्यानंतर प्रेक्षकांतून मैदानात बाटल्या येऊ लागल्या. पाहुण्या संघाचे समर्थक जिथे बसले होते त्या दिशेनेही वस्तू फेकल्या गेल्या. खेळ काही वेळ थांबवावा लागला. शेवटी मोहम्मडन १-२ने हरला.

दोन दिवसांनी शिक्षक खोलीत चहा घेताना एक सहकारी सहज म्हणाले, "सर, तुमच्या लोकांनी कोलकात्यात बाटल्या फेकल्या म्हणे!"

मी आयुष्यात एकदाही कोलकात्याला गेलेलो नाही. ते सहकारी मनाने वाईट नाहीत, फुटबॉलचे शौकीन आहेत आणि त्यांनी ते हसतच म्हटलं होतं. तरीही 'तुमच्या लोकांनी' हे दोन शब्द दिवसभर डोक्यात राहिले. मोहन बागान हरला तर कुणी एखाद्या हिंदू शिक्षकाला 'तुमचा संघ हरला' असं म्हणत नाही. मग हा एक संघ, नावापलीकडे माझा त्याच्याशी संबंध नसताना, 'तुमचा' कसा झाला? आणि तो सतत हरत असतो तेव्हा त्याचा समर्थक इतका का चिडतो? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच इतिहासात आहे.

बूट, पाऊस आणि पाच वर्षं

मोहम्मडन स्पोर्टिंगला हे नाव १८९१ साली मिळालं. मुंबईत रोव्हर्स कपची पहिली स्पर्धाही त्याच वर्षी झाली. कलकत्ता फुटबॉल लीग १८९८मध्ये सुरू झाली आणि पुढची साडेतीन दशकं तिच्यावर गोऱ्यांच्या संघांचं राज्य होतं. कधी लष्कराची पलटण जिंकायची, कधी कलकत्ता क्लब किंवा डलहौसी. मोहन बागानने १९११मध्ये अनवाणी खेळून आयएफए शील्ड जिंकली ती कहाणी आपल्याला पाठ असते. पण लीगचं विजेतेपद १९३३पर्यंत एकाही हिंदी संघाला मिळालं नव्हतं.

१९३४मध्ये मोहम्मडन पहिल्या श्रेणीत नव्याने आला आणि त्याच मोसमात लीग जिंकला. पुढे १९३५, ३६, ३७ आणि ३८. सलग पाच वर्षं. १९३६मध्ये लीगबरोबर आयएफए शील्डही जिंकली.

हे आपोआप घडलं नाही. क्लबच्या कारभाऱ्यांनी बंगालबाहेर, बंगळूरपासून वायव्येकडच्या भागापर्यंत खेळाडू शोधले. ज्या काळात बहुतेक हिंदी खेळाडू अनवाणी खेळत, त्या काळात या संघाने पावसाळ्यातल्या चिखलासाठी हलके बूट वापरले. कोलकात्याचा मोसम पावसात चालतो. ओल्या मैदानावर गोरे शिपाई बुटांत उभे राहायचे आणि आपले खेळाडू घसरायचे. ती अडचण बुटांनी दूर केली. याच संघातला मोहम्मद सलीम १९३६मध्ये ग्लासगोला जाऊन सेल्टिकच्या संघातून चक्क अनवाणी खेळला आणि घरच्या ओढीने परत आला.

१९४० हे वर्ष तर सोन्याचं म्हणावं लागेल. त्या वर्षी मोहम्मडनने मुंबईत रोव्हर्स कप जिंकला आणि दिल्लीत रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ने हरवून ड्युरंड कप जिंकला. ड्युरंड जिंकणारा तो पहिला हिंदी संघ.

विजय कुणाचा?

१९३४चा विजय सुरुवातीला साऱ्यांचाच मानला गेला. गोऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं याचा आनंद होता. पण तो काळ साधा नव्हता. १९३२च्या जातीय निवाड्याने मतदारसंघ धर्मावर वाटले गेले होते, १९३७च्या निवडणुकांनंतर बंगालचं राजकारण आणखी तापलं. मुस्लिम लीगच्या पुढाऱ्यांना क्लबच्या यशात आपली ताकद दिसू लागली. दुसऱ्या बाजूच्या वर्तमानपत्रांना त्याच यशात जातीयवाद दिसू लागला. मैदानावरचे अकरा जण चेंडू खेळत होते आणि मैदानाबाहेर त्या चेंडूला एका समाजाची इज्जत बांधली जात होती.

खेळाडूंना हे ओझं कुणी विचारून दिलेलं नव्हतं. जिंकत असताना ते जाणवलंही नसेल. जिंकणाऱ्या संघाच्या खांद्यावर कौमची मान उंच दिसते. पण एकदा ते ओझं ठेवलं की हरताना उतरवता येत नाही. संघ हरला की मग फक्त संघ हरत नाही. मोहल्ला हरतो, नाव हरतं, आणि सहाशे कोसांवरचा एखादा शिक्षकही हरतो.

१९४७नंतर चित्र बदललं. क्लबला पैसा आणि आधार देणारे अनेक लोक सीमेपलीकडे गेले. ढाक्यात १९३६पासून त्याच नावाचा वेगळा क्लब होताच. इथे राहिलेल्यांनी क्लब चालवला. १९४८मध्ये लीग जिंकली, नंतर १९५७, १९६७ आणि १९८१. १९६०मध्ये ढाक्याला जाऊन आगा खान गोल्ड कपही जिंकला. पण दोन विजेतेपदांमधलं अंतर किती वाढत गेलं पाहा. आधी नऊ वर्षं, मग दहा, मग चौदा. आणि १९८१नंतर पुढची लीग जिंकायला २०२१ उजाडलं. चाळीस वर्षं! १९८१चा विजय मैदानात बसून पाहणारा वीस वर्षांचा पोरगा पुढचा विजय पाहायला साठीचा होऊन आला.

मामूंचा राग

माझे एक मामू मुंबईत मदनपुऱ्यात राहत. लूमवर काम करत. ऐंशीच्या दशकात मोहम्मडन रोव्हर्स कपसाठी मुंबईत आला की मामू एक पाळी बुडवून कूपरेजला जात. एका सुट्टीत त्यांनी मलाही नेलं. मी सहा-सात वर्षांचा असेन. सामना कोणता होता ते आठवत नाही, मोहम्मडन हरला एवढं मात्र पक्कं आठवतं.

परतताना बसचे पैसे असूनही मामू चालत निघाले. कूपरेजपासून मदनपुऱ्यापर्यंत ते बोलत होते. डाव्या बाजूचा बॅक पुढे पळून परत का आला नाही? दमलेल्या खेळाडूला वेळेत का बदललं नाही? क्लबवाले दरवर्षी अर्धा संघ का बदलतात? प्रत्येक तक्रारीला नाव होतं. नशिबाला, पंचाला, किंवा समोरच्या संघाच्या जातीधर्माला त्यांनी एक शब्द लावला नाही. घरी आल्यावर मामींनी विचारलं, "क्या हुआ?" मामू म्हणाले, "खेले नहीं, तो हारे." आणि हात धुऊन जेवायला बसले.

हे मला फार उशिरा कळलं, पण हरणाऱ्या संघाच्या समर्थकाचा राग दोन प्रकारचा असतो. एक राग म्हणतो, 'आमची इज्जत गेली.' त्याला समोर जो दिसेल तो शत्रू वाटतो. बाटली याच रागातून फेकली जाते. दुसरा राग विचारतो, 'हे कुणामुळे झालं?' त्याला उत्तर हवं असतं. मामूंचा राग दुसऱ्या प्रकारचा होता.

हरण्याची कारणं जमिनीवर असतात

हा दुसरा राग धरून मोहम्मडनच्या घसरणीकडे पाहिलं तर तिच्यात गूढ काही उरत नाही. १९९६मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि फुटबॉल पैशांचा खेळ झाला. १९९८मध्ये यूबी उद्योगसमूहाने ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही क्लबांत पैसा ओतला. मोहम्मडनच्या वाट्याला तसा भक्कम आधार आला नाही. २०१३-१४च्या मोसमात तर अजब प्रकार घडला. या संघाने तब्बल ७३ वर्षांनी ड्युरंड कप जिंकला, आयएफए शील्डही जिंकली, आणि त्याच मोसमात आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला. त्याच वर्षी पैशांअभावी मुख्य संघ बंद करत असल्याचं क्लबने जाहीर केलं. नंतर तो निर्णय फिरवला गेला.

तिथून संघ पुन्हा उभा राहिला. २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षं कलकत्ता लीग जिंकली. ६ एप्रिल २०२४ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगला २-१ने हरवून आय-लीग जिंकली आणि संघ इंडियन सुपर लीगमध्ये पोहोचला. खिदिरपूर, पार्क सर्कस, राजाबाजारच्या गल्ल्यांत 'जान जान मोहम्मडन'चा घोष झाला. इतक्या वर्षांचा दुष्काळ संपला असं वाटलं.

आणि मग तो मोसम आला. २६ सप्टेंबरला चेन्नईत १-० असा विजय मिळाला. लगेच ५ ऑक्टोबरला मोहन बागानकडून ०-३. २० तारखेला तो बाटल्यांचा सामना. २६ला हैदराबादकडून ०-४. ९ नोव्हेंबरला समोर ईस्ट बंगाल होता. तोही लीगमधले सलग सहा सामने हरून आलेला. पहिल्या अर्ध्या तासातच ईस्ट बंगालचे दोन खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेले. अकरा विरुद्ध नऊ, तासभर. तरीही मोहम्मडनला एक गोल करता आला नाही. ०-०. त्या रात्री समर्थकांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. हरलेल्या सामन्यापेक्षा असा सामना जास्त जिव्हारी लागतो.

जानेवारीत बातम्या आल्या की खेळाडूंचे पगार थकले आहेत आणि त्यांनी सरावाला जायचं नाकारलं आहे. महिनाअखेरीस रशियन प्रशिक्षक आंद्रे चेर्निशोव्ह यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात संघाने बंगळूरमध्ये दुसरा आणि शेवटचा विजय मिळवला होता. पगार थकलेले असताना खेळून जिंकलेला. २४ सामने, २ विजय, १३ गुण, तळाचं स्थान. घरच्या मैदानावर एकही विजय नाही.

आता त्या दोन विजयांचे गोल कुणी केले ते पाहा. चेन्नईत मिझोरामच्या रेमसांगाने, बंगळूरमध्ये उझबेकिस्तानच्या कासिमोव्हने. आय-लीग जिंकून देणारा प्रशिक्षक रशियन. ज्या संघाला 'तुमचा' म्हटलं जातं, तो मैदानावर केव्हाच साऱ्यांचा झाला आहे. साठच्या दशकापासून या क्लबने इतर धर्मांचे खेळाडू घ्यायला सुरुवात केली. फक्त बाहेरच्यांच्या नजरेत, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी अनेकांच्याही नजरेत, तो अजून १९३०च्या दशकात अडकला आहे.

पिदरम सुलतान बूद

उर्दूत एक फारसी वाक्प्रचार रुळला आहे: पिदरम सुलतान बूद. माझा बाप बादशहा होता. ज्याच्याकडे आज सांगण्यासारखं काही नाही तो हे सांगतो. १९३४ ते १९४०चा इतिहास आपण अनेकदा असाच वापरतो. तो अभिमानाचा आहे, यात शंका नाही. पण त्यातून काय घ्यायचं? मी मुलांना शिकवताना सांगेन की त्या संघाने पावसाचा अभ्यास केला, बूट आणले, चांगले खेळाडू लांबून शोधून आणले. कौमची दुआ होती म्हणून जिंकले, एवढंच सांगितलं तर त्या माणसांच्या मेहनतीवर अन्याय होईल.

आणि हेच हरण्यालाही लागू आहे. मोहम्मडन हरला कारण पगार वेळेवर झाले नाहीत, संघबांधणी उशिरा झाली, गुंतवणूकदार आणि क्लब यांच्यात ताळमेळ राहिला नाही. याचा हिशेब मागणं समर्थकांचा हक्क आहे. केरळहून आलेल्या चाहत्यांनी, ज्यांत बाया-मुलंही असतील, त्यांनी मोहम्मडनचं काय बिघडवलं होतं? बाटली चुकीच्या पत्त्यावर गेली. ज्यांनी हिशेब द्यायला हवा होता त्यांना तर त्या बाटलीने वाचवलंच. दुसऱ्या दिवशी चर्चा पगारांची, नियोजनाची झाली नाही. 'त्या लोकां'ची झाली.

माझ्या सहकाऱ्यांना मी त्या दिवशी काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात मात्र हा सगळा इतिहास थोडक्यात सांगितला. १९४०चा ड्युरंड त्यांना माहीत नव्हता. ऐकून म्हणाले, "अरे, मग हा तर आपला संघ झाला!" मी म्हटलं, "झाला ना. मग आता हरतोय त्याचा राग तुम्हीही करा. पण नाव घेऊन करा."