बॅटरीच्या आयुष्याची हमी

तापीच्या खोऱ्यात, बऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडीसारख्या गावी, बॅटरीला आयुष्य असते ही गोष्ट कोणास शिकवावी लागत नाही. घरातील इन्व्हर्टरची बॅटरी काही उन्हाळे काढते, मग लवकर उतरू लागते आणि एके दिवशी ‘बसली’ म्हणून शहरातील दुकानी न्यावी लागते. दुकानदार शिक्का मारलेले हमीपत्र उलगडून तारीख पाहतो. मुदत शिल्लक असेल तर नवी बॅटरी मिळते. थोडी उलटली असेल तर किमतीत सूट मिळते. पुरती संपली असेल तर जुन्या शिशाचे मोल वजा करून बाकीचे पैसे मोजावे लागतात. हा व्यवहार हजारांचा असतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीत मात्र तो लाखांवर जातो, कारण त्या गाडीचा सर्वांत महाग भाग म्हणजे तिची बॅटरीच होय. ती हळूहळू क्षीण होणार हे निश्चित. मग त्या क्षीणतेचा भुर्दंड कोणी सोसावयाचा? हा प्रश्न आजचा वाटला तरी त्याचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे.

फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते याने १८५९ साली शिशाची पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी सिद्ध केली व १८८१ मध्ये कामीय फोर याने तिच्यात सुधारणा केली. या बॅटरीच्या बळावर १८९७ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर विजेच्या भाडोत्री गाड्या धावू लागल्या. अर्ध्या टनाहून जड असलेली बॅटरी स्थानकात यंत्राने उतरवून तिच्या जागी भरलेली दुसरी बसविण्यात येई. परंतु रस्त्याचे धक्के आणि विजेचा जबर ओढा यांमुळे शिशाच्या पट्ट्यांवरील लेप झडत असे. गाडी कंपनीची, बॅटरीही कंपनीची; साहजिकच तोटाही कंपनीच्याच माथी आला. इतर कारणेही तिला भोवली आणि १९०७ मध्ये तिचे दिवाळे वाजले.

त्याच सुमारास टॉमस एडिसन शिशाला पर्याय शोधीत होता. लोखंड व निकेल यांची त्याची नवी बॅटरी १९०३ साली बाजारात आली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला. मात्र थोड्याच दिवसांत तक्रारी येऊ लागल्या. डब्यांच्या सांध्यांतून द्रव पाझरे आणि कित्येक घटांची शक्ती अपेक्षेहून फार लवकर घटे. एडिसनने उत्पादन थांबविले, सदोष घट परत घेतले आणि पुढली काही वर्षे प्रयोगशाळेत घालविली. १९०९ मध्ये सुधारलेली बॅटरी विक्रीस आली, तेव्हा तिच्या द्रवात लिथियमचे एक संयुग मिसळलेले होते. त्याने तिची शक्ती व आयुष्य दोन्ही वाढत. आज ज्या धातूवर विजेच्या मोटारींची सारी मदार आहे, तो मोटारीत प्रथम शिरला तो असा, बॅटरीचे वार्धक्य लांबविण्यासाठी.

एडिसनचा मार्ग कारागिराचा होता: माल वाईट निघाला, परत घ्यावा, चांगला करून द्यावा. अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीने व्यापाऱ्याचा मार्ग काढला. १९१२ पासून १९२४ पर्यंत तेथे मालमोटार बॅटरीविना विकत घेता येई. बॅटरी वीज कंपनीची असे. मालकाने दरमहा ठराविक रक्कम व मैलागणिक भाडे द्यावे आणि बॅटरीची निगा, भरणा व बदल कंपनीने पाहावा, असा तो करार होता. त्याच १९१२ साली पेट्रोलच्या गाडीला विजेने चालू करण्याची सोय झाली, हाताने दांडा फिरविण्याचा त्रास संपला आणि विजेच्या मोटारी पुढे मागे पडत गेल्या. हार्टफर्डची कल्पना मात्र मेली नाही. भारतात सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीची विंडसर ही मोटार आली, तेव्हा बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये देण्याचा पर्याय तिच्यासोबत होता. शंभर वर्षांपूर्वीचाच तो करार, नव्या कागदावर लिहिलेला.

भारतात विजेची मोटार सामान्य ग्राहकासमोर आली ती २००१ साली, बंगळूरच्या रेव्हाच्या रूपाने. तिच्यात शिशाच्याच बॅटऱ्या होत्या. काही वर्षांनी त्या बदलाव्या लागत आणि मुदतीनंतरचा तो खर्च मालकाचा असे. इन्व्हर्टरचाच हा हिशेब, केवळ मोठा. २०१० मध्ये महिंद्र कंपनीने रेव्हाचा ताबा घेतला. तोवर लिथियम-आयन बॅटरीचे युग सुरू झाले होते. १९९१ साली सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली आणि तिच्या जन्मदात्यांपैकी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही बॅटरीदेखील म्हातारी होते. ती कशी, हे समजण्यास बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचा दृष्टान्त पुरे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मोगल अमदानीत खोदलेल्या या भुयारी जलमार्गात डोंगराचे पाणी उताराने शहराकडे येते. त्या पाण्यातील चुना भिंतींवर बसत जातो आणि वाट अरुंद होत जाते. लिथियमच्या बॅटरीतही पहिल्याच भरणीपासून एका अग्रावर पातळ थर धरतो. आरंभी तो संरक्षक असतो. परंतु वर्षानुवर्षे जाड होताना तो थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. जे अडकले ते पुन्हा विजेच्या कामी येत नाही. बॅटरी फार काळ काठोकाठ भरून ठेवली तर ही झीज वाढते आणि उष्णतेने तर ती फारच वेग घेते.

उष्णतेचा हा गुण जगाला उमगला तो अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात. निस्सान कंपनीची लीफ ही मोटार २०१० च्या अखेरीस विक्रीस आली. तिची बॅटरी गार राखण्यासाठी वेगळी यंत्रणा नव्हती. बॅटरीची शक्ती दर्शविणाऱ्या बारा रेघा चालकासमोर उमटत. २०१२ च्या उन्हाळ्यात फीनिक्स शहरातील अनेक मालकांच्या गाड्यांवरील रेघा एकामागून एक विझू लागल्या आणि त्यांनी गाऱ्हाणे मांडले. तोपर्यंतच्या हमीपत्रात दोषाची भरपाई होती, क्षीणतेची नव्हती. बॅटरी बंद पडली तर कंपनी जबाबदार, नुसती थकली तर ते वयोमान, असा तो न्याय होता. २०१३ साली निस्सानने तो बदलला. पाच वर्षे अथवा ६०,००० मैल यांच्या आत नवापेक्षा कमी रेघा उरल्यास बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे तिने लिहून दिले. ‘किती थकणे म्हणजे बिघाड’ हे आकड्यांत बांधले गेले, हे या इतिहासातील खरे वळण होय. पुढे २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जागतिक मानक ठरले: पाच वर्षे अथवा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि आठ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के शक्ती टिकली पाहिजे.

महाराष्ट्रात या कथेचा पुढील अंक पुण्याच्या परिसरात घडला. जानेवारी २०२० मध्ये आलेली टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार रांजणगावची. द्रवाने गार राहणारी बॅटरी आणि तिला आठ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटरची हमी, ही तिची दोन वैशिष्ट्ये. २०२४ च्या अखेरीस महिंद्रांनी चाकणला बनणाऱ्या आपल्या नव्या गाड्यांच्या बॅटरीला आजीवन हमी जाहीर केली आणि २०२५ मध्ये टाटांनीही काही गाड्यांसाठी तशीच हमी दिली. परंतु ‘आजीवन’ या शब्दाचा अर्थ बारीक अक्षरांत पाहावा लागतो. टाटांच्या बाबतीत तो नोंदणीपासून पंधरा वर्षे असा आहे आणि दोन्ही ठिकाणी या हमीचा धनी पहिला खाजगी मालक आहे. गाडी विकली गेली की हमीचे स्वरूप बदलते.

येथेच जसोंडीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. लहान गावात मोटार पुष्कळदा येते ती शहरात काही वर्षे वापरून झाल्यावर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाती. पेट्रोलची जुनी गाडी घेताना जाणता मनुष्य इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर पाहतो. विजेच्या गाडीत ऐकावयास काही नसते. रंग चकचकीत, चाके नवी, आणि बॅटरी मात्र निम्मी थकलेली, असे असू शकते. त्यातच वैशाखातील पारा चाळीस अंशांवर चढणे तापीकाठी नवलाचे नाही. म्हणून अशा खरेदीत तीन कागद गाडीइतकेच मोलाचे ठरतात: बॅटरीची उरलेली शक्ती किती टक्के याचा अधिकृत कार्यशाळेचा दाखला, हमी नव्या मालकाकडे चालते की नाही याचा लेखी खुलासा, आणि हमी रद्द करणाऱ्या अटींची यादी. हमीखाली बदल मिळाला तरी तो नेहमी संपूर्ण नव्या बॅटरीचा नसतो. पुष्कळदा आतील सदोष भागच बदलला जातो, हेही जाणून असावे.

कायद्याने ग्राहकास काही आधार दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने झालेल्या हानीबद्दल उत्पादकाचे दायित्व सांगितले आहे आणि २०२२ च्या नियमांनी निकामी बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडविण्याचे ओझे उत्पादकावर टाकले आहे. तथापि न्यूयॉर्कच्या गाड्यांपासून फीनिक्सच्या मालकांपर्यंत एकच गोष्ट दिसून येते. बॅटरीचे आयुष्य रसायनशास्त्राने वाढविले. पण तिच्या वार्धक्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे ग्राहकाने प्रश्न विचारला तेव्हाच कागदावर आले. तो प्रश्न जसोंडीच्या खरेदीदारानेही पैसे मोजण्यापूर्वी विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर तोंडी न घेता लिहून घेतले पाहिजे.