लहान वयात घामाचा वास : चिंता केव्हा करावी, केव्हा करू नये

लखनौ – मे आणि जून महिन्यांत लखनौचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. जुलैमध्ये पाऊस सुरू झाला की हवा दमट होते, शाळा उघडतात आणि मुले घामाने भिजलेल्या गणवेशात घरी परततात. अशा दिवसांत काही पालकांच्या ध्यानात एक अनपेक्षित गोष्ट येते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या काखेला मोठ्या माणसाच्या घामासारखा उग्र वास येऊ लागलेला असतो. रोज आंघोळ घालूनही तो जात नाही. हे मूल इतक्या लवकर वयात येत आहे काय, असा प्रश्न मग घरात उभा राहतो.

बहुतेक मुलांच्या बाबतीत हा वास निरुपद्रवी असतो. मात्र थोड्या मुलांमध्ये तो वेळीच उपचार हव्या असलेल्या विकाराची पहिली खूण ठरतो. या दोहोंतील फरक ओळखण्यासाठी पालकांना वैद्यकशास्त्राचे सखोल ज्ञान लागत नाही. कोणत्या गोष्टींकडे पाहावे, एवढे मात्र ठाऊक असावे लागते.

वास कोठून येतो?

मानवी त्वचेत प्रामुख्याने दोन प्रकारच्या घर्मग्रंथी असतात. पहिल्या प्रकारच्या ग्रंथी जवळजवळ सर्वांगावर असून त्या जन्मापासून काम करतात. त्यांचा घाम म्हणजे मुख्यतः पाणी व क्षार. शरीर थंड राखणे हे त्याचे काम असून त्याला फारसा वास नसतो. खेळून आलेले लहान मूल घामाने निथळत असले तरी त्याच्या काखेला उग्र दर्प येत नाही, याचे कारण हेच.

दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी काखेत व जांघेत असतात. बालपणी त्या निद्रिस्त असतात आणि संप्रेरकांच्या प्रभावाने जाग्या होतात. त्यांचा स्राव दाटसर असतो. हा स्रावही मुळात गंधहीनच असतो, परंतु त्वचेवरील जीवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून दर्प निर्माण होतो. त्यामुळे काखेला येणारा वास हा अस्वच्छतेचा पुरावा नसून या ग्रंथी कार्यरत झाल्याची सूचना असते.

पायांचा वास याहून वेगळा. बंद बूट व ओले मोजे यांत वाढणाऱ्या जीवाणूंमुळे तो कोणत्याही वयात येऊ शकतो आणि त्याचा वयात येण्याशी संबंध नसतो.

मूत्रपिंडांवरील दोन लहान ग्रंथी

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक अधिवृक्क ग्रंथी असते. साधारणतः सहा ते आठ वर्षांच्या सुमारास या ग्रंथींचा आतील थर सौम्य पुरुषी संप्रेरके अधिक प्रमाणात तयार करू लागतो. हे मुलांत आणि मुलींतही घडते. त्यांच्या प्रभावाने घामाचा वास बदलतो, केस व चेहरा तेलकट होतो, क्वचित एखादी पुटकुळी येते आणि पुढे काखेत किंवा जननेंद्रियाभोवती केस उगवतात. या अवस्थेस वैद्यकीय परिभाषेत ॲड्रिनार्की म्हणतात. वास हे तिचे बहुधा सर्वांत आधी जाणवणारे लक्षण असते.

मुलींमध्ये आठ व मुलांमध्ये नऊ वर्षांच्या आत ही चिन्हे दिसली, तर तिला अकाली ॲड्रिनार्की म्हटले जाते. इतर विकार नाहीत याची खातरजमा झाल्यावर तिला औषधोपचाराची गरज नसते. अशा मुलांपैकी काहींचे वजन अधिक असते. पुढील आयुष्यात काही मुलींना मासिक पाळीची अनियमितता किंवा इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती यांना तोंड द्यावे लागू शकते. म्हणून त्यांचा आहार, खेळ व वजन यांकडे लक्ष देणे हिताचे असते.

वयात येणे ही वेगळी प्रक्रिया

खरे वयात येणे मेंदूपासून सुरू होते. मेंदूतील एक लहान केंद्र पीयूषिका ग्रंथीला संदेश धाडते. ती ग्रंथी मुलींमध्ये बीजांडकोशांना आणि मुलांमध्ये वृषणांना चालना देते. हा संदेश आणि अधिवृक्क ग्रंथींचे कार्य परस्परांवर अवलंबून नसतात. म्हणूनच केवळ वास येणे किंवा चार केस दिसणे म्हणजे मूल वयात आले असे नव्हे.

मुलींमध्ये खऱ्या आरंभाची खूण म्हणजे स्तनांची वाढ. ती साधारणतः ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होते आणि त्यानंतर सुमारे दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. मुलांमध्ये पहिली खूण म्हणजे वृषणांच्या आकारातील वाढ, जी ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान सुरू होते. ती मोजण्यासाठी डॉक्टर वाढत्या आकाराच्या मण्यांची एक माळ वापरतात. झुरिच येथील बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी हे साधन प्रचारात आणले. चार मिलिलिटर अथवा त्याहून मोठा आकार हा आरंभ मानला जातो. मुलींमध्ये आठ व मुलांमध्ये नऊ वर्षांपूर्वी ही चिन्हे दिसल्यास त्यास अकाली वयात येणे म्हणतात.

येथे मुलगा व मुलगी यांत एक महत्त्वाचा भेद आहे. मुलींमध्ये मेंदूचा संदेश लवकर सुटण्याचे निश्चित कारण बहुधा सापडत नाही. मुलांमध्ये मात्र मेंदूतील गाठ किंवा जुन्या आजाराचा परिणाम आढळण्याची शक्यता बरीच अधिक असते. क्षयामुळे होणारा मेंदूच्या आवरणाचा दाह भारतात अद्याप आढळतो आणि तोही यामागील एक कारण असू शकतो. त्यामुळे नऊ वर्षांपूर्वी वयात येऊ लागलेल्या मुलाच्या मेंदूचे एमआरआय चित्रण करणे आवश्यक मानले जाते.

याउलट, दोन वर्षांच्या आतील बालिकांमध्ये स्तनांची किंचित वाढ दिसते आणि ती बहुधा आपोआप ओसरते. ती वाढत नाही ना, उंची झपाट्याने वाढत नाही ना, एवढे मात्र पाहावे लागते.

थोराड मुलाचे कौतुक आणि त्यामागचा धोका

चार-पाच वर्षांचा मुलगा वर्गात सर्वांत उंच असला, अंगाने थोराड असला की घरात कौतुक होते. त्याच्या घामाला वास येतो, आवाज किंचित जाड झाला आहे, जांघेत केस आले आहेत, या गोष्टी त्या कौतुकात मागे पडतात. अशा मुलाला अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात विकार असू शकतो. या विकारात एका विकराच्या कमतरतेमुळे कॉर्टिसोल हे अत्यावश्यक संप्रेरक पुरेसे तयार होत नाही आणि त्याच्या जागी पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक होतो.

या विकाराच्या तीव्र प्रकारात शरीरातील क्षार निघून जाऊन अर्भक पहिल्या काही आठवड्यांतच दगावू शकते. मुलींमध्ये जननेंद्रियांच्या वेगळ्या रचनेमुळे जन्मताच संशय येतो. मुलगे मात्र जन्मतः सामान्य दिसतात आणि सौम्य प्रकार असलेले मुलगे अनेकदा काही वर्षे निदानाविना राहतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व हैदराबाद येथे एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली होती. तीत सुमारे ५,७०० बालकांमागे एकास हा विकार आढळला.

अशा मुलात केस व वास असतो, पण वृषणांचा आकार लहानच राहतो. या एका निरीक्षणावरून डॉक्टरांना दोष मेंदूकडून नसून अधिवृक्क ग्रंथींकडून असल्याचा अंदाज येतो. एकाच बाजूचे वृषण वाढलेले असल्यास गाठीची शंका घ्यावी लागते.

उंची : घरातील सर्वांत सोपी तपासणी

संप्रेरकांच्या अतिरेकाने हाडे लवकर परिपक्व होतात. मूल आज इतरांहून उंच दिसते, परंतु हाडांची वाढ लवकर थांबल्याने मोठेपणी ते ठेंगणे राहू शकते. म्हणून अचानक वाढलेली उंची हे वासापेक्षा कितीतरी महत्त्वाचे चिन्ह आहे.

पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुलांची उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. दर सहा महिन्यांनी अनवाणी उभे करून भिंतीवर खूण केली आणि तारीख लिहून ठेवली, तर हा वेग घरीच कळतो. भारतीय मुलांसाठी वाढीचे तक्तेही उपलब्ध आहेत. भारतीय बालरोग अकादमीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले ५ ते १८ वर्षांसाठीचे तक्ते तयार करण्यात पुण्यातील डॉ. वामन खाडिलकर यांचा प्रमुख वाटा होता. मुलाची रेषा या तक्त्यावर एकाएकी वर चढू लागली तर ती दुर्लक्षित करू नये.

लखनौमधील सोय आणि मराठी नावे

लखनौमध्ये किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा बालरोग विभाग आणि रायबरेली मार्गावरील संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय विज्ञान संस्थेचा अंतःस्रावशास्त्र विभाग या मुलांसाठी महत्त्वाची केंद्रे आहेत. पीजीआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत पूर्व उत्तर प्रदेशातून तसेच बिहारमधूनही रुग्ण येतात.

मराठी वाचकांना या संस्थेच्या कामात ओळखीची आडनावे आढळतील. उत्तर प्रदेशातील नवजात बालकांत जन्मजात थायरॉइड न्यूनता व अन्य विकारांच्या तपासणीचा अभ्यास येथून झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉ. शुभा फडके आणि डॉ. प्रीती दबडघाव यांचा सहभाग होता. हा विषय येथे अप्रस्तुत नाही. थायरॉइडची तीव्र न्यूनता दीर्घकाळ उपचाराविना राहिल्यास काही मुलींमध्ये स्तनांची वाढ किंवा पाळी लवकर सुरू होते. मात्र अशा मुलीची उंची वाढण्याऐवजी खुंटलेली असते.

तपासणीत काय होते?

डॉक्टर प्रथम उंची व वजन मोजतात, आई-वडिलांच्या वयात येण्याचा इतिहास विचारतात आणि शरीराची पाहणी करतात. त्यानंतर डाव्या हाताचे क्ष-किरण चित्र काढून हाडांचे वय ठरवले जाते. हाडांचे वय खऱ्या वयाच्या फार पुढे गेले नसेल आणि केवळ वास किंवा थोडे केस असतील, तर पुष्कळदा काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करणे पुरेसे ठरते. शंका असल्यास रक्तातील संप्रेरके मोजतात, मुलींमध्ये पोटाची सोनोग्राफी करतात आणि गरजेनुसार एमआरआय सांगतात.

उपचार कारणानुसार बदलतात. मेंदूचा संदेश लवकर सुटला असेल तर तो थांबवणारी इंजेक्शने महिन्याला किंवा तीन महिन्यांनी दिली जातात. ती बंद केल्यावर वयात येण्याची प्रक्रिया पुन्हा सुरू होते. अधिवृक्क ग्रंथींच्या जन्मजात विकारात हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या नियमित घ्याव्या लागतात. त्या स्वतःहून बंद करणे जिवावर बेतू शकते.

दूध, कोंबडी आणि अत्तर

म्हशीला पान्हा फुटावा म्हणून दिल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनमुळे मुली लवकर वयात येतात, असा समज उत्तर भारतात व महाराष्ट्रातही पसरलेला आहे. ऑक्सिटोसिन हे स्त्रीत्वाचे संप्रेरक नाही आणि पोटात गेल्यावर ते पचनात नष्ट होते. जनावरांना ते सर्रास टोचणे गैरच आहे, परंतु त्या भीतीने वाढत्या मुलाचे दूध बंद करू नये. ब्रॉयलर कोंबडी झपाट्याने वाढते ती निवडक वाण व खाद्य यांमुळे, संप्रेरकांच्या इंजेक्शनांमुळे नव्हे. याउलट घरातील मोठ्यांचे संप्रेरकयुक्त मलम किंवा जेल मुलाच्या त्वचेला लागत राहिल्यास ही चिन्हे खरोखर दिसू शकतात.

लखनौचा चौक अत्तरासाठी प्रसिद्ध आहे. तथापि अत्तर वास झाकते, घालवत नाही, आणि कोवळ्या त्वचेला त्याने खाज सुटू शकते. काख दररोज साबणाने धुऊन नीट कोरडी करणे, सुती कपडे वापरणे, खेळून आल्यावर सदरा बदलणे आणि एकदा घातलेला गणवेश न धुता पुन्हा न घालणे एवढ्याने बहुधा भागते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

– आठ वर्षांपूर्वी मुलीच्या स्तनांची वाढ, किंवा नऊ वर्षांपूर्वी मुलाच्या वृषणांची अथवा शिश्नाची वाढ दिसल्यास.
– या वयापूर्वी काखेत किंवा जांघेत केस आल्यास.
– उंची एकाएकी वाढू लागल्यास, अथवा उलट खुंटल्यास.
– आवाज जाड होणे, पुष्कळ मुरुमे येणे किंवा लहान मुलीला रक्तस्राव होणे.
– सतत डोकेदुखी, उलट्या, दृष्टिदोष किंवा झटके येणे.
– सहा वर्षांपूर्वीच काखेला मोठ्यांसारखा वास येऊ लागल्यास, अन्य चिन्ह नसले तरी एकदा.

मूल मूलच असते

शरीर पुढे गेले तरी मन वयाइतकेच राहते. सात वर्षांची मुलगी दहा वर्षांची दिसू लागली की तिच्याकडून दहा वर्षांच्या समजुतीची अपेक्षा केली जाते, आणि तिच्याकडे वाईट दृष्टीने पाहणाऱ्यांचा धोकाही वाढतो. तिला सुरक्षित व असुरक्षित स्पर्श साध्या शब्दांत सांगणे, तसेच काहीही घडले तरी घरी सांगता येईल असा विश्वास देणे, ही पालकांची जबाबदारी आहे. संकटात असलेल्या मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

वासावरून मुलाला चारचौघांत हिणवू नये, वर्गात वेगळे बसवू नये. हा त्याचा दोष नाही. ‘तुझे शरीर मोठे होऊ लागले आहे, म्हणून आता काखही धुवायची,’ एवढे शांतपणे सांगितले की लहान मूल ते सहज स्वीकारते. त्याच दिवशी भिंतीवर त्याच्या उंचीची पहिली खूण करून तारीख लिहावी. सहा महिन्यांनी दुसरी खूण केली की पुढे काय करावयाचे याचे बरेचसे उत्तर तेथेच मिळते.