ग्लासांची किणकिण आणि न उरलेल्या रात्री

२५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागातला ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा तळघरातला छोटासा क्लब. १९३५ साली सुरू झालेला आणि आजही चालू असलेला. त्या दिवशी पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीनं तिथं दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका वाजवल्या. बास स्कॉट लाफारो, ड्रम्स पॉल मोशियन. रिव्हरसाइड कंपनीनं सगळं टेपवर घेतलं. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय अवघं पंचवीस.

हे ध्वनिमुद्रण मी हल्ली पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. मुक्काम बडोद्याच्या हरणी भागात, विमानतळाशेजारी. एखादं विमान डोक्यावरून गेलं की लाफारोचा बास त्यात बुडून जातो आणि तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा लावावा लागतो. अर्थात गोंगाट मूळ टेपमध्येही आहेच. ग्लासांची किणकिण, कुणाचं तरी हसणं, तुरळक टाळ्या. पहिल्याच रचनेत मध्ये वीज गेली आणि टेप तुटली. २००५ साली सगळ्या बैठकांचा तीन सीडींचा संच निघाला, त्यात ती तुटलेली रचनाही तशीच ठेवली आहे. बरंच झालं!

आता ‘स्टँडर्ड’ म्हणजे काय? नाटकांतली, चित्रपटांतली सर्वतोमुखी झालेली गाणी. जॅझवाल्यांनी ती उचलली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाजवली. ‘माय रोमान्स’ हे १९३५ च्या एका संगीत नाटकातलं, ‘माय फूलिश हार्ट’ १९४९ च्या चित्रपटातलं. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ तर डिस्नेच्या १९५१ च्या मुलांच्या चित्रपटातलं! पण आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. याच बडोद्यात उस्ताद फैयाजखाँ दरबार गायक होते, १९५० साली इथंच वारले. त्यांची जयजयवंती ऐकायला येणाऱ्याला चीज पाठच असे. खाँसाहेब ती आज कशी मांडतात, हे ऐकायला तो येई. ७८ च्या तबकडीवर खाँसाहेबांना जेमतेम तीन मिनिटं मिळत. मैफलीतला विस्तार त्यात कसा मावणार?

व्हॅनगार्डच्या टेपची गोडी नेमकी इथं आहे. गाणं ओळखीचं असल्यामुळे कान चालीवर अडकत नाही, तिघांच्या संवादाकडे जातो. लाफारोचा बास नुसता ठेका धरून बसत नाही, पियानोला उलट उत्तर देतो, कधी पुढेही जातो. ‘माय फूलिश हार्ट’मध्ये एव्हान्स चाल फारशी मोडत नाही. दोन सुरांमधली जागा तेवढी वाढवतो, आणि मोशियनचे ब्रश त्या जागेत हलके फिरत राहतात.

हे ऐकताना मला हेवा वाटतो, आणि तो गोंयकाराचा हेवा आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वादकांचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे तिथं टेडी वेदरफर्डसारखा पियानोवादक वाजवू लागला. चर्चला जोडलेल्या शाळांतून नोटेशन शिकून आलेल्या आमच्या वादकांनी ही विद्या झपाट्यानं आत्मसात केली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ म्हणून गाजला. फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी ही आणखी काही नावं. दिवसा फिल्मी स्टुडिओ, रात्री हॉटेल असा यातल्या अनेकांचा दिनक्रम. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक मुंबईत आला, त्यानं डिझी साल या पियानोवादकाला हेरलं आणि पुढच्या वर्षी तो बोस्टनच्या बर्कलीत शिकायला पोचला. म्हणजे दर्जा कुठं कमी नव्हता.

मग उरलं काय? दिवसाचं काम उरलं. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचे सहायक होते. १९५१ चा ‘अलबेला’ लावा, त्या रात्रींची धग त्यात जाणवते. काही जॅझच्या तबकड्याही निघाल्या, पण त्या स्टुडिओतल्या आणि तीन मिनिटांच्याच. ऐकणारे समोर बसलेत, घड्याळ कुणी बघत नाही, आणि चौथ्यांदा घोळवताना गाणं भलतीकडेच वळलं, अशी रात्र मात्र माझ्या हाती आजवर लागलेली नाही. या माणसांना आपण पडद्यामागचे वादक म्हणूनच ओळखतो. त्याचं एक कारण हेच की त्यांचं स्वतःचं संगीत जिथं वाजलं, तिथं टेप फिरत नव्हती. लाफारोची ती रविवारची टेप नसती, तर त्याचंही नाव आज मोजक्याच जाणकारांना ठाऊक असतं.

म्हणून एक विनंती. हळदोण्यात, पर्रात, मडगावात किंवा गिरगाव-धोबीतलावच्या एखाद्या कुडात जुनी स्पूल टेप पडली असेल, तर ती भंगारात घालू नका. आधी ऐकून पाहा. ताटल्यांचा खडखडाट, माणसांची बडबड ऐकू आली, तर ती साफ करायला मुळीच जाऊ नका. इतिहास त्या बडबडीतच असतो.