सभाभीती
सभाभीती म्हणजे श्रोत्यांसमोर बोलताना किंवा तशा नुसत्या कल्पनेनेही वाटणारी तीव्र भीती. ही भीती नसलेल्या व्यक्तीस मराठीत 'सभाधीट' म्हणतात. छातीत धडधडणे, घशाला कोरड पडणे, हातपाय कापणे ही तिची लक्षणे ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाच्या स्रावामुळे दिसतात.

लोक आपल्याविषयी काय म्हणतील, ही धास्ती तिच्या मुळाशी असते. त्यामुळे विषयाची तयारी असूनही वक्ता अडखळतो. १८९६ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील सभेत मोहनदास गांधी यांचा आवाज उमटेना. भाषण लिहून आणलेले होते, तरीही ते अखेर दिनशा वाच्छा यांनी वाचून दाखविले. याउलट धरणगाव (जळगाव जिल्हा) येथे जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात किशोरवयातच काव्यवाचन केले आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना 'बालकवी' ही पदवी दिली. सभाधीटपणा वयाने येतोच असे नाही, हे या दोन प्रसंगांवरून दिसते.

ही भीती दैनंदिन व्यवहारात अडथळा आणू लागल्यास तिची गणना सामाजिक चिंताविकृतीत होते. लहान गटापासून क्रमाने वाढविलेला सराव आणि बोधात्मक वर्तनोपचार हे तिच्यावरील प्रमुख उपाय आहेत.