रापलेपणाचा आजार

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात अकरा रुग्णांच्या हकिकती आहेत. माणूस हळूहळू गळत जातो, भूक मरते, नाडी क्षीण लागते आणि त्वचा काळवंडते. शवविच्छेदनात दिसते की मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी नासल्या आहेत, अनेकांच्या क्षयाने. इटलीच्या युस्टाचीने या ग्रंथी सोळाव्या शतकातच दाखवल्या होत्या, पण त्यांचे काम काय, हे पुढची तीनशे वर्षे कुणाला सांगता आले नव्हते. ॲडिसनच्या पुस्तकानंतर वर्षभरातच ब्राउन-सेकारने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले, की या ग्रंथी काढल्या तर प्राणी जगत नाही.

अनुवादक म्हणून मी अडते ती रंगाच्या वर्णनापाशी. धुरकट, गडद पिवळसर, तपकिरी अशा छटा ॲडिसन मोजतो, आणि एका रुग्णाबद्दल म्हणतो की चेहऱ्याची ठेवण वेगळी नसती तर हा मनुष्य मिश्रवंशाचा वाटला असता. म्हणजे गोऱ्या कातडीवर उमटलेला सावळेपणा हेच रोगाचे पहिले लक्षण ठरले. हे लक्षण दमदमला, किंवा दादरला, कसे वाचायचे? आपल्याकडे माणूस काळवंडला तर घरचे म्हणतात, उन्हाने रापला. इथे डॉक्टरला तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुन्या जखमांचे व्रण बघावे लागतात, कारण चेहरा काही सांगेलच असे नाही. 'रापणे' हा शब्द मराठीत इतका निरुपद्रवी आहे, की आजार त्याच्या आड महिनोन् महिने लपू शकतो.

आता ग्रंथींच्या नावाकडे. लॅटिनमध्ये 'मूत्रपिंडाजवळची', ग्रीकमध्ये 'मूत्रपिंडावरची'. तिच्यातून निघणाऱ्या द्रव्याचीही म्हणूनच दोन नावे, ॲड्रेनॅलिन आणि एपिनेफ्रिन. अर्थ एकच, फक्त पहिले अमेरिकेत एका कंपनीचे व्यापारी नाव होऊन बसले. आपल्या परिभाषाकारांनी ग्रीक वाट धरली: अधि + वृक्क, अधिवृक्क. मराठी पाठ्यपुस्तकात हाच शब्द आहे, बंगालीतही. यात एक गंमत आहे. वृक्क हा वेदवाङ्मयातला शब्द. आज घरात आपण किडनी म्हणतो, वृत्तपत्रात मूत्रपिंड छापतो आणि खाटकाकडे गुर्दा मागतो. हा फारसी गुर्दा आणि संस्कृत वृक्क एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. म्हणजे मटणाच्या दुकानातला शब्द पाठ्यपुस्तकातल्या शब्दाचा सख्खा भाऊ. पण शास्त्राच्या पंगतीत पान एकालाच.

शास्त्रीय शब्द केव्हा भाषांतरित करावा आणि केव्हा जसाच्या तसा ठेवावा, यावर राजेंद्रलाल मित्र यांनी कोलकात्यात १८७७ सालीच एक योजना मांडली होती. मराठीत दाते-कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ चा. या परंपरेबद्दल मला आदर आहे. तरीही 'अधिवृक्क-अल्पक्रियता' हा शब्द मला घातक वाटतो. अल्पक्रिय म्हणजे जरा मंद, आळशी. विश्रांती घेतली की सुधारेल असा काहीतरी. ॲडिसनच्या काळी या आजाराचा शेवट मृत्यूतच होई.

आमच्या इमारतीतल्या एका माशीमांच्या कागदांवर गेल्या वर्षी हा शब्द इंग्रजीत आला आणि त्यांचा मुलगा तो घेऊन माझ्याकडे आला. दमदमला (मराठी वृत्तपत्रांचे डमडम) भाषांतर करणारी बाई म्हणजे सगळ्या कागदांची हक्काची वाचक. माशीमांनी गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या होत्या. 'स्टेरॉइड' शब्दाची भीती, दुसरे काही नाही. वास्तविक ज्या संशोधनातून या गोळ्या आल्या त्याबद्दल केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल मिळाले. तोवर हा आजार जवळजवळ असाध्यच होता. शरीर जे बनवत नाही तेवढेच ही गोळी भरून देते.

कारणही इथल्या मातीतले निघाले. डॉक्टरांनी हिस्टोप्लाझ्मा या बुरशीचे नाव घेतले. क्षयाप्रमाणेच ती याच दोन ग्रंथी गाठते आणि पोखरते. भारतातला तिचा पहिला रुग्ण १९५४ साली कोलकात्यातच पांजा आणि सेन यांनी नोंदवला. १९७५ साली संन्याल आणि थम्मय्या यांनी ती गंगेच्या मैदानातल्या मातीतून वेगळी केली. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या जमिनीत ती वाढते आणि धुळीबरोबर श्वासात जाते. जुन्या वाड्यांच्या, पडक्या गोदामांच्या या उपनगरात तिला जागेची वाण नाही.

माशीमांसाठी मी परिभाषा बाजूला ठेवून बंगालीत चार ओळी लिहिल्या: शरीर एक गरजेचा रस बनवत नाही. गोळी म्हणजे तोच रस. ताप किंवा उलट्या झाल्या तर गोळी सोडायची नाही, उलट डॉक्टरांना लगेच फोन करायचा, कारण तेव्हा ती जास्त लागते. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर हा कागद आधी दाखवायचा.

त्यांनी तो वाचला आणि विचारले, "आणि खारट खाण्याची ओढ?" तीही याच आजाराची, मी म्हटले, रस नसला की शरीरातले मीठ लघवीवाटे निघून जाते. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "बघ, लोणच्याची हाव नव्हती ती."