ट्रॉम्बेचे न्यूट्रॉन

घरच्या घरी फ्यूजन केल्याचे व्हिडिओ आता आपल्या मारेगावातल्या मोबाईलवरही दिसतात. ते बघताना मला 1989 आठवतं. मार्चमध्ये अमेरिकेत फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी बरणीतल्या 'कोल्ड फ्यूजन'चा दावा केला. लगोलग ट्रॉम्बेच्या बीएआरसीत पी. के. अय्यंगारांच्या पुढाकारानं प्रयोग सुरू झाले. न्यूट्रॉन सापडले, ट्रिटियमही सापडलं, असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं.

पण हिशेब जुळेना! नेहमीच्या ड्युटेरियम फ्यूजनमध्ये दोन्ही जवळपास सारखेच निघतात. इथं न्यूट्रॉन सुमारे कोटीपट कमी. आणि इतके थोडे मोजायचे कसे? न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, आकाशातूनही ते येतच असतात. त्यात मोजणारी नळी दमट हवेनं, विजेच्या खरखरीनंही खोटी नोंद करते. हुकमी प्रयोग कुणालाच जमला नाही. नव्वदच्या दशकात बीएआरसीतलं हे काम थंडावलं.