वॉकरचे गणित आणि आपला पाऊस



पुण्याच्या शिवाजीनगर भागातील वेधशाळेच्या इमारतीला लोक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. पुण्याचा सिमल्याशी संबंध काय, असा प्रश्न परगावच्या माणसास पडल्यावाचून राहात नाही. हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि येताना जुने नाव बरोबर घेऊन आले, हे त्याचे उत्तर. या खात्याने पावसाचा माग काढण्यासाठी जी खटपट केली, तिचा इतिहास मात्र एवढ्या थोडक्यात सांगता येणार नाही.

खात्याची स्थापना १८७५ ची. लागलीच १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला आणि लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. पाऊस ओढ देणार हे आधी कळेल काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा राहिला नाही. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना असे आढळले की, हिमालयात हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक पडला की पुढचा पावसाळा दुबळा जातो. बर्फामुळे जमीन लवकर तापत नाही आणि समुद्रावरील वाऱ्यांना ओढून घेणारी शक्ती कमी पडते, अशी त्यांची उपपत्ती होती. या आधारावर १८८६ पासून पावसाळ्याचे अंदाज रीतसर प्रसिद्ध होऊ लागले.

पुढे १८९९ साल उजाडले. ब्लॅनफर्ड यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांनी चांगल्या पावसाचे भाकीत केले होते. प्रत्यक्षात पावसाने पाठ फिरविली. गुजरात, राजपुताना आणि मध्य हिंदुस्थान होरपळून निघाला. विक्रम संवत १९५६ मधील हाच तो ‘छप्पनिया’; त्याची आठवण गुजरातेत आणि राजस्थानात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

अशा वेळी १९०४ मध्ये खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्या हाती आली. हे गृहस्थ केंब्रिजचे नामांकित गणिती. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांना नव्हते. पावसाची कारणे सिद्धान्तावरून निघत नाहीत, तर ती आकड्यांतूनच शोधावीत, असे त्यांनी ठरविले. जगभरच्या ठाण्यांवरील वायुभार, तपमान आणि पर्जन्य यांच्या नोंदी गोळा करून त्यांच्या कचेरीने हजारो जोड्यांचा परस्परसंबंध हातांनी मोजला. गणकयंत्रांच्या पूर्वीचे हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पनाच करावी.

त्यातून १९२४ च्या सुमारास एक नवल उघडकीस आले. पॅसिफिक महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागराच्या बाजूस तो उतरतो, आणि इकडे वाढला की तिकडे उतरतो. तराजूच्या पारड्यांसारख्या या हालचालीस वॉकर यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. हजारो संबंध तपासले असता काही केवळ योगायोगानेही बळकट दिसतात, हा धोका त्यांनी स्वतःच १९१४ मध्ये दाखविला होता. आणि तसेच घडले: त्यांच्या अंदाजसूत्रांतील अनेक संबंध पुढील वर्षांत क्षीण झाले. पारडी का हलतात, याचे उत्तर तर त्यांच्यापाशी नव्हतेच. १९५८ मध्ये ते निवर्तले.

ते उत्तर १९६९ मध्ये जेकब ब्यर्कनेस यांनी दिले. पॅसिफिकवरील पूर्वेचे वारे ऊन पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. तेथे हवा वर चढते, पाऊस पाडते आणि उंचावरून पूर्वेकडे जाऊन दक्षिण अमेरिकेलगतच्या थंड पाण्यावर उतरते. हे वारे मंदावले की ऊन पाणी पूर्वेकडे सरकते. पेरूचे कोळी ज्याला ‘एल निनो’ म्हणत, तो प्रकार हाच. मग पावसाचे ढगही पूर्वेस सरकतात, आणि आपल्या बाजूस हवा खाली दबू लागते. या हवेच्या चक्रास ब्यर्कनेस यांनी वॉकर यांचेच नाव दिले. ज्यांना कारण सापडले नाही, त्यांच्या चिकाटीचा हा योग्य गौरव होय.

तरीही कोडे पुरते सुटले असे मानू नये. १९९७ साली एल निनो अत्यंत प्रबळ होता, पण देशात पाऊस सरासरीहून किंचित अधिकच, म्हणजे १०२ टक्के झाला. उलट २००२ मध्ये एल निनो त्याहून सौम्य, अंदाजही सामान्य पावसाचा. आणि पडला तो सुमारे ८१ टक्के. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील तपमानाचा फरकही येथे ढवळाढवळ करतो, हे १९९९ मधील संशोधनाने पुढे आणले.

म्हणून पावसाळ्याचा अंदाज ऐकताना तो वचन म्हणून ऐकू नये, संभव म्हणून ऐकावा. एल निनोची वार्ता आली की हात टेकू नयेत, आणि ती नसली म्हणून विहिरीतले पाणी उधळू नये. वॉकर यांच्यासारख्या गणितज्ञाने योगायोगाविषयी जी सावधगिरी सांगितली, ती शेतकऱ्याने आणि सरकारनेही विसरू नये. कारण चुकलेल्या अंदाजाची किंमत कोणी मोजली, हे छप्पनियाने दाखविलेच आहे.